नातीला जॉर्ज रँचला न्यायचं आहे, तिथलं 'करून बघा' कितपत खरं असतं?

गोरेगावची आजी

नमस्कार मंडळी. मेच्या सुट्टीत लेकीकडे शुगर लँडला चाललो आहोत. टेक्ससमध्ये, ह्यूस्टनला लागूनच आहे. सोबत मुलाची मुलगी, वय नऊ. लेकीने आधीच फर्मान काढलंय की जवळच रिचमंडला जॉर्ज रँच हिस्टॉरिकल पार्क आहे, तिथे एक दिवस काढायचाच. दोनशे वर्षांपूर्वी त्या माळावर नव्याने वस्ती करायला आलेली माणसं कशी राहायची, ते तिथे नुसतं दाखवत नाहीत, मुलांना करायला देतात म्हणे. मका दळा, मेणबत्ती बनवा, फळीवर कपडे घासा.

यावर आमच्या ह्यांचं म्हणणं, "डॉलर मोजून कपडे धुवायला जायचं? मोरीत बसव तिला, फुकटात होईल." ह्यांचं लहानपण संगमेश्वरकडचं. सासूबाई पहाटे उठून जात्यावर बसायच्या, त्यामुळे ह्यांना कसलंच अप्रूप नाही. नातीने मात्र जातं पाहिलंय ते हायवेवरच्या हॉटेलच्या दारात, आणि त्यावर मनी प्लँटची कुंडी ठेवलेली होती.

तर कोणी गेलं असेल तर सांगा. नऊ वर्षांचं पोर तिथे रमतं का, की अर्ध्या तासात "आजी, घरी कधी जायचं" सुरू होतं? खरंच काही करू देतात, की टोपी घालून फोटो काढला की झालं? ह्यांचे गुडघे दुखतात, फार चालावं लागेल का? आणि मुंबईच्या आसपास असं काही आहे का, जायच्या आधी तिला दाखवता येईल असं?

साडेआठची फास्ट

आजी, चालावं लागतं. तिथे वेगवेगळ्या काळांतली ठिकाणं लांब लांब मांडली आहेत. १८३० च्या दशकातलं जोन्स कुटुंबाचं लाकडी ओंडक्यांचं घर आणि शेत, मग १८६० च्या दशकातलं घर, मग १८९० च्या दशकातला डेव्हिस कुटुंबाचा मोठा वाडा आणि शेवटी १९३० च्या दशकातलं रँचचं घर. एकाच घराण्याच्या पुढच्या पुढच्या पिढ्या आहेत, म्हणून क्रमाने गेलात तर गोष्ट लागते. काकांना सगळं बघायचा आग्रह नको. जोन्सचं शेत आणि लोहारकाम, एवढं पुरे.

मेमध्ये तिथली हवा आपल्यासारखीच चिकट असते. सकाळी उघडल्या उघडल्या पोचा. पोरीला सँडल घालू नका, बंद बूट आणि मोजे. गवतात लाल मुंग्या असतात, फायर अँट म्हणतात, चावल्या की फोड येतो. आठवड्यात कोणते दिवस उघडं आहे आणि त्या दिवशी काय काय करायला देणार आहेत, हे निघायच्या आधी लेकीला बघून ठेवायला सांगा. सगळे कार्यक्रम रोज नसतात.

बॉबिनवाला, लालबाग

ताई, मी गेलोय. मुलगा तिकडेच असतो. मला कुठे न्यायचं ही त्याला कायमची विवंचना, कारण मॉलमध्ये नेलं की मी बाकावर बसून राहतो. म्हणून त्याने तिथे नेलं. मी गिरणीत होतो, कार्डिंग खात्यात, म्हणजे कापूस पिंजायच्या, ब्याऐंशीच्या संपापर्यंत. मला जे दिसलं ते माझ्या डोळ्यांनी दिसलं, त्यातलं तुम्हाला लागेल तेवढं घ्या.

मेणबत्तीला फार भाव देऊ नका. सगळी पोरं तिथेच झुंबड करतात. वात वितळलेल्या मेणात बुडवायची, बाहेर काढायची, थंड पाण्यात, परत मेणात. रांग गोल फिरत राहते, शेवटी करंगळीएवढी मेणबत्ती हातात येते आणि आईबाप फोटो काढतात. मजा येते, नाही असं नाही, पण पोराला कुठे अडायला होत नाही.

तिला कापसापाशी बसवा. आम्ही गेलो त्या दिवशी एक बाई ओसरीवर टोपलीभर बोंडं घेऊन बसली होती, घोळदार झगा आणि डोक्याला ती झालरीची टोपी. येईल त्या पोराच्या हातात एक बोंड द्यायची आणि म्हणायची, यातली सरकी काढून दाखव. बस, एवढंच काम. बोंडात चार-पाच कप्पे, प्रत्येक कप्प्यात सात-आठ बिया. आणि अमेरिकन जातीची सरकी केसाळ असते, कापूस तिला गोचिडासारखा धरून बसतो. जोरात ओढला तर तंतू तुटतो, हळू ओढला तर सुटत नाही. सरकी दोन नखांत धरून अंगठ्याने कापूस चारी बाजूंनी मागे सारत जायचं, तेव्हा कुठे ती मोकळी होते. पहिली बी सगळी पोरं हसत काढतात. तिसरीला इकडेतिकडे बघायला लागतात. पाचवीच्या आत उठून मेणबत्तीकडे पळतात.

माझा नातू अकरा वर्षांचा. त्याला म्हटलं, एक बोंड पुरं कर, मग कुठेही जा. तोंड वाकडं केलं, पण बसला. सगळं होईपर्यंत बोटं लाल झाली होती आणि तळहातावर चिमूटभर कापूस. मग त्या बाईने सांगितलं की अशा हाताने एका माणसाचा दिवसभरात एक पौंड कापूस निघायचा, म्हणजे अर्ध्या किलोलाही थोडा कमीच. नातू स्वतःच्या टी-शर्टाकडे बघून म्हणाला, आजोबा, याला किती लागला असेल? मी म्हटलं, दोनशे-सव्वादोनशे ग्रॅम धर. म्हणजे एका माणसाचा निम्मा दिवस नुसती सरकी काढण्यात. अजून पिंजायचं आहे, कातायचं आहे, विणायचं आहे, शिवायचं आहे. यावर तो काही बोलला नाही, पण दुसरं बोंड त्याने आपणहून उचललं.

त्याच ओसरीवर हाताने पिंजायच्या फळ्या होत्या. लाकडी, मूठ लावलेल्या, आतल्या अंगाला चामड्यावर तारेचे बारीक वाकडे दात. मी एक हातात घेतली आणि दातांवरून अंगठा फिरवला. तुम्हाला सांगतो, आमच्या कार्डिंग मशिनच्या सिलिंडरवर याच दातांचा पट्टा गुंडाळलेला असायचा, फक्त तो माणसाच्या उंचीचा आणि गरगर फिरणारा. त्या फळीचे दात एका कडेला दबले होते, त्यामुळे तिथे कापूस पसरण्याऐवजी गोळा होत होता. मी मुलाला म्हटलं, बाईंना सांग, ही फळी नीट पेळू, म्हणजे सूत कातायला घेतात ती कापसाची गुंडाळी, पाडणार नाही. माझं इंग्रजी असंतसंच. त्याने समजावलं, तर बाईंनी मलाच खुर्ची दिली!

मग मी पोरांना दाखवलं. एक फळी मांडीवर पक्की धरायची, दुसरी वरून हलक्या हाताने ओढायची. दात दातांत घुसवायचे नाहीत, टोकाला टोक लागलं पाहिजे, एवढंच. घुसवले की खरखर आवाज येतो आणि तंतू तुटतात. बरोबर चाललं की आवाज मऊ येतो, कान ठेवला तर कळतं. तंतू सगळे एका दिशेला झोपले की वरची फळी उलटी फिरवून कापूस उचलायचा, फळीच्या पाठीवर घेऊन गुंडाळायचा, की झाला पेळू. गोरी पोरं, मेक्सिकन पोरं, दोन तेलुगू पोरी, सगळी माझ्याभोवती. माझा मुलगा लांब उभा राहून व्हिडिओ काढत होता.

फरक काय तो सांगायला पाहिजे. तिथे अंगणात वारा होता. आमच्या खात्यात कापूस हवेतच असायचा, भुवया पांढऱ्या व्हायच्या. रविवारची सुट्टी घेऊन सोमवारी कामावर गेलं की छाती आवळल्यासारखी वाटायची, मंगळवारनंतर जरा हलकं व्हायचं. डॉक्टर त्याला बिसिनोसिस म्हणतात. आमच्या गिरणीच्या दवाखान्यात त्याला खोकला म्हणायचे आणि गोळ्या द्यायचे. हे कुठलंही पार्क करून दाखवू शकणार नाही, आणि दाखवूही नये.

आता आपल्या मुंबईचा यात काय संबंध, ते नातीला सांगायला उपयोगी पडेल. सरकी काढायचं यंत्र अमेरिकेत एली व्हिटनीने काढलं, पेटंट १७९४ चं. लोकांना वाटतं यंत्र आलं म्हणजे कष्ट कमी झाले. झालं उलटंच. सरकीची अडचण गेली म्हणून कापसाची लागवड वाढली, आणि तो वेचायला माणसं लागली. १७९० च्या जनगणनेत तिथे सुमारे ७ लाख गुलाम होते, १८६० मध्ये जवळजवळ ४० लाख. सगळे काही कापसामुळे नव्हेत, पण मोठं कारण तेच. मग १८६१ मध्ये त्यांचं यादवी युद्ध पेटलं, दक्षिणेच्या बंदरांची नाकेबंदी झाली, आणि मँचेस्टरच्या गिरण्यांना कापूस मिळेना. तो गेला आपल्याकडून. खानदेश, वऱ्हाड, गुजरात, सगळीकडचा माल मुंबईच्या बंदरात. चार वर्षं इथे पैशाचा नुसता पाऊस. समुद्र बुजवायच्या कंपन्या निघाल्या, त्यांच्या शेअर्सवर उड्या पडल्या. १८६५ मध्ये तिकडे युद्ध थांबलं, कापसाचा भाव कोसळला आणि इकडे बँका बुडाल्या. कापसाचे बडे व्यापारी प्रेमचंद रायचंद यांचंही त्यात दिवाळं वाजलं. त्याआधी त्यांनी विद्यापीठाला जी देणगी दिली होती, तिच्यातून पुढे राजाबाई टॉवर उभा राहिला, १८७८ मध्ये पुरा झाला. नातीला निघायच्या आधी एकदा ओव्हल मैदानावर नेऊन टॉवर दाखवून ठेवा. तिकडे बोंड हातात घेऊन बसली की सांगायला बरं.

काकांचं म्हणणं मला पटतं. ज्यांच्या घरात जातं होतं त्यांना हे बघायला डॉलर कशाला? पण तुमच्या सासूबाईंना कंटाळा आला म्हणून जात्यावरून उठून जायची सोय नव्हती. पार्कात ती सोय आहे आणि पोरं ती वापरतात. म्हणून म्हणतो, दहा ठिकाणी हात लावून फिरवू नका. एकच काम धरा आणि ती कंटाळली तरी लगेच उठवू नका. कंटाळ्याच्या पलीकडे थोडा वेळ बसू दे. बाकी सगळं बघितलं नाही तरी चालेल.

दप्तरखाना

काका, दंडवत! पेळू पडताना येणारा आवाज आजवर कुठल्या लेखात वाचला नव्हता.

माझी थोडी भर, जमिनीबद्दल. पार्कात सुरुवात होते ती हेन्री आणि नॅन्सी जोन्स यांच्यापासून. स्टीफन ऑस्टिनने १८२० च्या दशकात जी पहिली तीनशे कुटुंबं टेक्ससमध्ये वसवली, त्यांतलं हे एक. तेव्हा तो प्रदेश अमेरिकेचा नव्हताच, मेक्सिकोचा होता. गुरं पाळणाऱ्या कुटुंबाला तिथे एक 'लीग' जमीन मिळायची, म्हणजे ४,४२८ एकर. चौरस किलोमीटरमध्ये सुमारे १८. आपलं संजय गांधी राष्ट्रीय उद्यान शंभराच्या थोडं वर आहे. बोरिवलीपासून ठाण्यापर्यंतच्या त्या सगळ्या जंगलाचा जवळपास सहावा हिस्सा एका घराला. नातीला उद्यान माहीत असेल तर हे लगेच कळेल.

आणि ती जमीन ओसाड नव्हती. त्या किनारपट्टीवर करांकावा लोक राहायचे. त्यांना हुसकावलं गेलं, मारलं गेलं. मेक्सिकोने १८२९ मध्ये गुलामगिरी बंद केली, पण टेक्ससमधल्या वसाहतवाल्यांनी स्वतःपुरती सूट मिळवली. १८३६ मध्ये टेक्सस वेगळा झाला तेव्हा त्यांच्या घटनेत गुलामगिरी कायदेशीर होती. ब्राझोस नदी या पार्कापासून जवळच आहे. तिच्या काठचे कापसाचे आणि उसाचे मळे गुलामांच्या कष्टांवर चालायचे. गुलाम मुक्त झाल्याची घोषणा टेक्ससमध्ये पोचली ती १९ जून १८६५ ला, गॅल्व्हस्टनला. त्या दिवसाची आता तिथे राष्ट्रीय सुट्टी असते.

शुगर लँडचंही एक आहे. २०१८ मध्ये तिथे शाळेची इमारत बांधताना जमिनीत ९५ माणसांचे सांगाडे सापडले. गुलामगिरी कायद्याने संपल्यावर कैद्यांना मळ्यांवर भाड्याने द्यायची पद्धत सुरू झाली होती, त्यातले हे काळे कैदी. गावाच्या नावातली साखर कोणी पिकवली, ते असं वर आलं.

हे सगळं नऊ वर्षांच्या मुलीला सांगायची गरज नाही. पण तिला एक प्रश्न शिकवून ठेवा. जुने कपडे घालून जे लोक उभे असतात त्यांना विचारायचं, "या घरात दळण कोण दळायचं?" उत्तर कसं येतं त्यावरून ते ठिकाण किती प्रामाणिक आहे ते आजीलाही कळेल. मोठ्यांनी विचारलं की ठरलेलं भाषण मिळतं. पोराने विचारलं की माणूस जरा थांबून बोलतो.

वसईचा पाव

वरचे दोघं पीएचडी देऊन गेले, मी मुंबईचं सांगतो.

तसं पार्क आपल्याकडे माझ्या पाहण्यात नाही. आपल्याकडे पुतळे करतात. कोल्हापूरजवळ कणेरी मठावर अख्खं गाव उभं केलंय, न्हावी, सुतार, चांभार, नांगर, मोट, सगळं इतकं हुबेहूब की पोरं पुतळ्यांशी बोलायला जातात. पण हात लावायचा नाही. हाताने करायला मिळणारं म्हणाल तर चेन्नईजवळचं दक्षिणचित्र बरं, पण ते तुम्हाला आत्ता लांब.

मुंबईतच एक दिवस काढायचा तर सकाळी गावदेवीला मणिभवन. गांधीजी १९१७ ते १९३४ मुंबईत आले की तिथे उतरायचे, आणि कापूस पिंजण्याचे पहिले धडे त्यांनी तिथूनच जाणाऱ्या एका पिंजाऱ्याकडून घेतले. बॉबिनवाल्या काकांच्या पोस्टनंतर हे सांगितलंच पाहिजे होतं. तिथून भायखळ्याला भाऊ दाजी लाड संग्रहालय, जुन्या मुंबईतल्या लोकांच्या आणि धंद्यांच्या मातीच्या छोट्या प्रतिकृती बघायला. राणीच्या बागेतच आहे, म्हणजे पेंग्विनची लाच देता येते. आणि खरं काम बघायचं तर धारावीचा कुंभारवाडा. तिथे कोणी काही 'दाखवत' नाही, त्यांचा तो रोजचा धंदा आहे. आधी विचारा, गिऱ्हाइकाच्या घाईत मध्ये उभे राहू नका, दोन पणत्या विकत घ्या. कोणीतरी पोरीला चाकावर हात लावू देईलच. देणार नाही तर नाही.

काकांसाठी वेगळं आमिष आहे. टेक्ससच्या त्या भागात वशिंडाची गुरं दिसली तर त्यांना सांगा, ही आपल्याकडची. तिकडे गोचिडीमुळे गुरांना ताप यायचा, टेक्सस फीवर. तो गोचिडीमुळे पसरतो हे १८९३ मध्ये सिद्ध झालं. मग गुरांना औषधाच्या हौदातून पोहत काढायचे. आपली गुरं गोचिडीला आणि उन्हाला दाद देत नाहीत, हे त्यांच्या लक्षात आलं, आणि १९०६ मध्ये टेक्ससच्या पियर्स रँचने थेट भारतातून बैल नेले. आज ज्याला अमेरिकन ब्राह्मण म्हणतात त्या जातीत गीर, कांकरेज, ओंगोल आणि आपली कृष्णाकाठची, अशी सगळ्यांची भेसळ आहे. ब्राह्मण नाव का ठेवलं ते मला विचारू नका, आणि त्याचे स्टेक करतात हे काकांना जेवताना सांगू नका.

गोरेगावची आजी

केवढं लिहिलंत सगळ्यांनी! ह्यांना वाचून दाखवलं. कपडे धुण्यावर मत अजून तेच आहे, पण कृष्णाकाठचा बैल बघायला येणार म्हणाले. गुडघ्यांचा विषय त्यानंतर निघालेला नाही.

बॉबिनवाले भाऊ, तुम्हाला दोन गोष्टी विचारते. एक, तिथलं एखादं बोंड मागून घेतलं आणि पर्समध्ये ठेवून आणलं तर चालेल का? नातीच्या शाळेत दाखवायला. आणि दुसरं, मी वर्षानुवर्षं वाती वळते, घरी देवकापूस आहे, गावाहून येतो. निघायच्या आधी नातीला त्यातली सरकी काढायला बसवू का? म्हणजे तिकडे तिचा हात बसलेला असेल.

बॉबिनवाला, लालबाग

बोंड आणू नका ताई. सरकी म्हणजे बियाणं, आणि परदेशातून बियाणं आणायला परवाना लागतो. विमानतळावर पकडलं तर काढून घेतील आणि पोर रडेल. मागायचंच तर नातीने स्वतः काढलेला, एकही सरकी नसलेला, चिमूटभर कापूस मागा. तोही फॉर्मवर लिहा आणि कस्टमवाल्याला दाखवा. नाही म्हणाला तर ठेवून द्या.

देवकापसावर मात्र बसवू नका. त्याची सरकी बोटाने ढकलली की सुटते, वाती वळणाऱ्या तुम्ही, तुम्हाला हे माझ्याहून जास्त माहीत. तिला वाटेल एवढंच असतं, आणि तिकडे केसाळ सरकी हातात आली की दुसऱ्याच बीला चिडून उठेल. वाती वळायला बसवा खुशाल. सरकी तिला तिकडेच पहिल्यांदा भेटू दे.

आणि ती दबलेल्या दातांची फळी अजून तिथेच असेल तर डाव्या कडेने धरायला सांगा, उजवीकडे कापूस अडकतो.